बैलाचे वय दातांवरून, गाडीचे वय नंबरावरून

गोठ्याच्या आडोशाला, कडब्याच्या गंजीमागे आजोबांच्या काळातली फटफटी गंजत पडली आहे, अशी घरे खेडोपाडी अजून सापडतात. एक दिवस भंगारवाला येतो, काटा लावतो आणि किलोच्या भावाने घेऊन जातो. विकायची की ठेवायची, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण आपण काय विकतोय, हे आधी कळायला नको का? बैल घेताना आपण दात बघतोच ना!

पहिली गोष्ट, टाकीवरच्या नावावर जाऊ नका. टाकी बदलते, पाटीही बदलते. खरी ओळख इंजिन नंबर आणि चासी नंबर यांत असते. इंजिन नंबर बहुधा सिलिंडरच्या खाली, डाव्या अंगाला ठोकलेला असतो. चासी नंबर हँडलच्या मानेजवळ बघावा. रॉकेलच्या फडक्याने हलक्या हाताने पुसा. कानस किंवा ग्राइंडर अजिबात लावू नका. वर कागद धरून पेन्सिल घासली की अक्षरे उमटतात.

नंबराआधीची अक्षरे महत्त्वाची. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीची एम-२० ही ५०० सीसीची गाडी घ्या. दुसऱ्या महायुद्धात अशा सुमारे १ लाख २६ हजार गाड्या लष्करासाठी बनल्या. त्यांच्या नंबरापुढे ‘डब्ल्यूएम २०’ असते. युद्धानंतर लष्कराने काढलेल्या गाड्या साध्या माणसांच्या हाती आल्या. म्हणूनच आरसी बुकातले साल हे नोंदणीचे साल असते; गाडी त्याआधी बरीच वर्षे बनलेली असू शकते.

बुलेट कुठली?

रॉयल एनफिल्डचा मूळ कारखाना इंग्लंडात रेडिच येथे होता. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया सुरू झाली. आधी तिकडून सुटे भाग आणून जोडणी व्हायची, पुढे सगळी गाडीच इथे बनू लागली. त्यामुळे ‘आमची बुलेट इंग्लंडची’ हे घरात ऐकले, तरी नंबर तपासल्याशिवाय खरे धरू नये.

अंगावरच्या खुणा

पुढे दांड्यांची जोडणी आणि मधे एक मोठी स्प्रिंग असेल, तर गाडी बहुधा १९४० च्या दशकातली किंवा त्याआधीची. नळीचे फोर्क बहुतेक कंपन्यांनी युद्धानंतर बसवले. मॅचलेसने मात्र १९४१ मध्येच लष्करी गाडीला दिले होते. लुकासच्या मॅग्नेटोवर महिना व साल ठोकलेले अनेकदा सापडते. मात्र असा भाग मागाहूनही बसवलेला असू शकतो. म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नये, दोन-तीन खुणा जुळवून बघाव्यात.

इंजिन आणि चासीचे नंबर वेगळे दिसले की लोक लगेच चोरीची गाडी म्हणतात. जुन्या बीएसएचे दोन्ही नंबर कारखान्यातूनच वेगवेगळे असत. १९५० च्या दशकातल्या ट्रायम्फवर मात्र ते सारखे हवेत.

कायदा काय सांगतो?

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. वाहन ५० वर्षांहून जुने, मूळ स्वरूपातले आणि मोठे फेरफार न केलेले हवे. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, फेरनोंदणीला ५ हजार रुपये, मुदत १० वर्षे. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. इथे नोंद झालेल्या गाडीसाठी जुने आरसी बुक लागते, तेव्हा ट्रंकेतले कागद आधी शोधा.

नेमके साल हवे असेल, तर इंग्लंडमधल्या व्हिंटेज मोटरसायकल क्लबला दोन्ही नंबर आणि फोटो पाठवावेत. हा क्लब १९४६ पासून आहे आणि कारखान्यांची जुनी रजिस्टरे तपासून दाखला देतो. त्याची फी पडते. पण दाखला हाती आला, की किंमत काटा ठरवत नाही, तुम्ही ठरवता. तोवर गाडीवर ताडपत्री टाका, आणि रंग देण्याची घाई करू नका.