गाणाऱ्या मुलांचा घसा

नाताळ जवळ आला की चर्चमधल्या मुलांच्या क्वायरचा सराव वाढतो आणि माझ्या दवाखान्यात घशाच्या तक्रारीही वाढतात. "डॉक्टरसाहेब, पोराचा घसा बसून राह्यते, गाण्याले पाठवू का नाही?" हा प्रश्न फक्त ख्रिस्ती घरांतून येतो असे नाही. आपल्या जिल्ह्यात मुले भजनी मंडळात गातात, तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेला बसतात, शाळेच्या गीतमंचात असतात. घसा सगळ्यांचा सारखाच.

आधी थोडे शरीरशास्त्र. स्वरयंत्रात दोन नाजूक पट्ट्या असतात, त्यांना स्वरतंतू म्हणतात. फुप्फुसातली हवा त्यांच्यामधून गेली की त्या थरथरतात आणि आवाज निघतो. प्रौढ पुरुषाच्या साध्या बोलण्यात त्या सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा एकमेकींवर आपटतात, स्त्रीच्या दोनशेच्या आसपास, आणि लहान मुलाच्या त्याहूनही जास्त. तासभर ओरडून गाणाऱ्या मुलाच्या स्वरतंतूंवर किती मार बसतो, याचा हिशेब वाचकांनीच करावा. पण हाच घसा मोकळ्या, बेताच्या आवाजात गायला तर त्याला काही होत नाही. म्हणून 'पाठवू की नको' याला माझे उत्तर 'खुशाल पाठवा' असेच असते.

खरी अडचण बारा ते पंधरा या वयात येते. मुलाचे स्वरयंत्र पुरुषी संप्रेरकामुळे भराभर वाढते, कंठमणी दिसू लागतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात. आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. मधल्या काही महिन्यांत तो मनात येईल तिथे फाटतो. मुलींचाही आवाज बदलतो, पण दोन-तीन स्वरच उतरतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. संगीतकार हायडन लहानपणी व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन कॅथेड्रलमध्ये गात असे. आवाज फुटल्यावर 1749 साली त्याला तिथून काढून टाकले. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता! हल्ली मुले त्याच्या बरीच आधी वयात येतात.

काढून टाकण्याची ही रीत अजून गेलेली नाही. काही वर्षांपूर्वी चौदा वर्षांच्या एका मुलाला आई माझ्याकडे घेऊन आली. तक्रार होती पोटदुखीची, आणि तीही फक्त रविवारी सकाळी. पोटात काहीच सापडले नाही. आईला बाहेर बसवून विचारले तेव्हा कळले, की भर उपासनेत त्याचा आवाज फाटला, सोबतची मुले हसली आणि गाणे बसवणाऱ्यांनी त्याला "तू आता बाजूला बस" म्हणून सांगितले. मग तो घरातही बोलेनासा झाला. गोळी न देता मी आवाज का फाटतो ते त्याला कागदावर चित्र काढून समजावले, आणि क्वायरच्या प्रमुखांना निरोप दिला की याला खालच्या स्वरांत गाऊ द्या, वर ताणू नका. काही महिन्यांनी तो मोठ्या माणसांच्या ओळीत उभा राहून गाऊ लागला. क्वायरमध्ये ही सोय आहे, कारण तिथे वरच्या आणि खालच्या आवाजांचे भाग वेगळे असतात. भजनातही मुलाला एक सप्तक खाली गाता येते, फक्त तसे त्याला कुणी सांगितले पाहिजे.

दुसरी गोष्ट पट्टीची. पेटी मोठ्यांच्या सोयीने काळी एकमध्ये लावली की मुलांना एक तर पुटपुटावे लागते, नाही तर वर जाऊन किंचाळावे लागते. मुले गाणार असतील तर पट्टी मुलांची धरावी. आणि टाळ, ढोलकी, लाऊडस्पीकर यांच्या कल्लोळात माणूस नकळत आवाज चढवतो. लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने हे 1911 सालीच लिहून ठेवले आहे. सरावाला तरी वाद्ये हळू ठेवावीत.

मुलांचा आवाज वारंवार बसण्याचे नेहमीचे कारण म्हणजे स्वरतंतूंवर आलेल्या बारीक गाठी. आपटून आपटून हाताला घट्टे पडतात तसलाच हा प्रकार. त्यामागे बहुधा गाण्यापेक्षा मैदानावरचे ओरडणे जास्त असते. बहुतेक मुलांत ओरडणे कमी केल्यावर, बोलण्याची पद्धत सुधारल्यावर आणि वय वाढल्यावर त्या विरतात; शस्त्रक्रिया क्वचितच लागते. घसा बसला असता कुजबुजायला लावू नये, त्यानेही ताण पडतो. पाणी मात्र भरपूर प्यावे, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर जास्तच. गुळण्या आणि ज्येष्ठमध यांनी घशाला बरे वाटते, करायला हरकत नाही; पण ते स्वरतंतूंपर्यंत पोहोचत नाही. पोहोचले तर ठसका लागतो.

दमेकरी मुलाला गाण्यापासून दूर ठेवू नये. त्याचा पंप खिशात असावा, एवढेच. गाण्याने दमा जातो असे मात्र कुणी सांगितले तर औषध बंद करू नका. तोतरे बोलणारे मूल गाताना बहुधा अडखळत नाही, आणि त्याला चारचौघांत तोंड उघडायचा धीर येतो.

सर्दी-खोकला असलेल्या मुलाला सरावाला पाठवू नये. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात 10 मार्च 2020 रोजी एका क्वायरचे 61 जण अडीच तास सरावाला जमले होते. त्यांच्यातल्या एकाला सर्दीसारखी लक्षणे होती. पुढे 53 जणांना कोरोना झाला किंवा झाल्याची दाट शंका आली आणि दोघे दगावले. गाताना तोंडातून बारीक तुषार जास्त उडतात. डिसेंबरच्या थंडीतही खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा.

आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला राहिला तर सेवाग्राम किंवा सावंगीच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात दाखवावे. दुर्बिणीची तपासणी थोड्या वेळात होते. बसलेल्या आवाजासोबत श्वास घेताना घरघर होत असेल किंवा धाप लागत असेल, तर तीन आठवडे थांबू नये, त्याच दिवशी न्यावे.