बर्फाखाली तगणारी केळ

इंग्लंडमधल्या काही बागांत नोव्हेंबरनंतर पेंढ्याचे उंच खांब उभे दिसतात. आत केळ असते. जात मुसा बास्जू, मूळची दक्षिण चीनची. जपानी कवी बाशो यांनी आपले नाव घेतले ते झोपडीपाशी लावलेल्या याच केळीवरून. घड आला तरी फळे खाण्याजोगी नसतात. ही केळ लावायची ती तिच्या भल्यामोठ्या हिरव्या पानांसाठी.

जळगावकडची केळ पारा 10 अंशांखाली उतरला की वाढ थांबवते. बास्जूची पानेही पहिल्या गोठवणाऱ्या दहिवराने काळी पडतात, पण तिचा जीव जमिनीखालच्या कंदात असतो. वर पालापाचोळ्याचा जाड थर असेल, तर उणे 10 अंशांतही कंद तगतो आणि वसंतात नवे कोंब येतात. मग खोड कशाला जपायचे? उंचीसाठी. खोड वाचले तर नवे पान त्याच्या शेंड्यातूनच निघते, नाहीतर दरवर्षी जमिनीपासून सुरुवात.

पाने छाटायची, खोडाभोवती जाळीचा पिंजरा उभारायचा, त्यात कोरडा पेंढा भरायचा आणि वर पाऊस अडवणारे झाकण घालायचे. झाकण अजिबात चुकवू नये. थंडीइतकीच ओल घातक. भिजलेल्या पेंढ्यात खोड कुजते. म्हणून प्लॅस्टिकने घट्ट गुंडाळणेही नको आणि पाणी साचणारी जागा लागवडीच्या वेळीच टाळावी. पेंढा काढण्याची घाई करू नये. तिकडे मे महिन्यातही कधीकधी दहिवर पडते.