पहिल्या पाळीला कोणाला घ्यायचं?

मॅटवरचं गणित : भाग सहावा

प्रो कबड्डीचा नववा हंगाम सुरू व्हायच्या आदल्या रात्री, २०२२ च्या ऑक्टोबरात, आम्ही आठ मित्र कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका गच्चीवर संघ निवडायला बसलो होतो. चिठ्ठ्या टाकल्या आणि पहिला नंबर माझा निघाला. मी पवन सेहरावतचं नाव घेतलं. यात विचार करण्यासारखं काही आहे असं तिथं कोणालाच वाटलं नाही. तमिळ थलैवाजने त्याच्यासाठी २ कोटी २६ लाख मोजले होते. तोवरच्या लिलावांतली ती सर्वांत मोठी बोली. सातव्या हंगामात या गड्याने एकट्याने चढायांतून ३४६ गुण आणले होते. ८ ऑक्टोबरला गुजरातविरुद्ध थलैवाजचा पहिला सामना झाला आणि त्याच्या पूर्वार्धातच पवन गुडघा धरून मॅटवर पडला. त्या हंगामात तो परत उतरलाच नाही.

गेल्या आठवड्यात आपण कोपऱ्यातले पकडपटू पाहिले. आज चढाईपटू. संघ निवडताना सगळ्यांत जास्त चुका इथंच होतात, कारण सगळ्यांत जास्त गुण याच माणसाकडे असतात आणि सगळ्यांत जास्त मारही तोच खातो.

या लेखमालेत नव्याने आलेल्यांसाठी आमची रीत सांगतो. आठ जण आळीपाळीने खेळाडू उचलतात. पहिल्या फेरीत एक ते आठ, दुसऱ्या फेरीत उलटं, आठ ते एक. एकाने घेतलेला खेळाडू दुसऱ्याला मिळत नाही. पैसा यात पहिल्यापासून नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि मोठमोठ्या ॲपवरच्या पैशाच्या स्पर्धा बंद पडल्या, तेव्हा आमच्या गच्चीवर काहीच बदललं नाही. मला ते बरं वाटतं. ॲपवर रोज नवा संघ करता येतो. खेळाडू जायबंदी झाला की दुसऱ्या दिवशी त्याला काढून टाकायचं. आमच्यात एकदा घेतला की हंगामभर आपला. त्यामुळे त्याच्या शरीराचा विचार करावाच लागतो.

आळीपाळीने खेळाडू उचलायची ही पद्धत अमेरिकेत १९६३ साली ओकलंड शहरात सुरू झाली, त्यांच्या फुटबॉलवर. तिथला फुटबॉल म्हणजे आपल्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार खेळतात तो नव्हे; हातात चेंडू घेऊन धडका देत पळायचा खेळ. त्यात ‘रनिंग बॅक’ नावाचा गडी असतो. चेंडू त्याच्या हातात ठेवतात आणि समोरची सगळी भिंत त्याच्यावर कोसळते. ख्रिस्तियन मॅकॅफ्री या रनिंग बॅकने २०१९ च्या हंगामात ४०३ वेळा चेंडू हाताळला आणि गुणांचा पाऊस पाडला. पुढच्या वर्षी बहुतेकांनी त्यालाच पहिल्या पाळीला घेतलं. तो तीन सामने खेळला. त्याच्या पुढच्या वर्षी सात. तिथले लोक तेव्हापासून नव्हे, त्याच्या कितीतरी आधीपासून एकच प्रश्न घोकत आले आहेत : गेल्या वर्षी याच्या अंगावर किती ओझं पडलं?

आपला चढाईपटू हा त्या रनिंग बॅकचा सख्खा भाऊ शोभेल. चाळीस मिनिटांच्या सामन्यात एका संघाच्या वाट्याला साधारण चाळीसेक चढाया येतात. मुख्य चढाईपटू त्यातल्या निम्म्याच्या आसपास कधीकधी एकटाच करतो. त्यातही सलग दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी चढाई, म्हणजे जिच्यात गुण आणला नाही तर बाद, ती हमखास त्याच्याच गळ्यात पडते. सातही जण त्याची वाट बघत उभे असतात आणि त्याला रिकाम्या हाताने परतायची मुभा नसते. दुखापत होते ती बहुतेकदा अशा जबरदस्तीच्या क्षणी.

आता आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घेऊ. सिद्धार्थ देसाई, चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा. सहाव्या हंगामात, २०१८ मध्ये, यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं तेव्हा कोल्हापूर शहरातसुद्धा त्याचं नाव फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. शहराला वेड फुटबॉलचं आणि कुस्तीचं. कबड्डी जगवली ती खेड्यांनी. त्या वर्षी त्याने २१ सामन्यांत चढाईचे २१८ गुण आणले आणि हंगामातल्या सर्वोत्तम नवोदिताचा मान मिळवला. त्याला ‘बाहुबली’ म्हणायला लागले, ते त्याच्या खेळण्याच्या तऱ्हेमुळे. बाकीचे चढाईपटू पकड चुकवतात. सिद्धार्थला पकड बसायची, आणि तो पकडणाऱ्या दोघा-तिघांना अंगावर घेऊन मध्यरेषेपर्यंत ओढत न्यायचा. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख दिले, त्या लिलावातली सर्वांत मोठी रक्कम. त्याने पुन्हा २१७ गुण केले. दोन हंगाम, जवळजवळ सारखा आकडा. कागदावर याच्याइतका भरवशाचा माणूस नाही.

करोनामुळे एक वर्ष खेळ झाला नाही. आठव्या हंगामासाठी टायटन्सने त्याला १ कोटी ३० लाखांना राखलं. अगदी मोजके सामने खेळून तो दुखापतीने बाहेर गेला. टायटन्सने त्या हंगामात २२ पैकी एकच सामना जिंकला.

आमच्या गटात त्या वर्षी त्याला दुसऱ्या पाळीला घेतलं होतं आणि घेणाऱ्याला कोणी दोष दिला नाही. पण मी नंतर जुने सामने पुन्हा बघितले. या वेळी गुण मोजले नाहीत. सिद्धार्थच्या अंगावर कितीदा दोनपेक्षा जास्त माणसं पडतात, तेवढंच मोजलं. तो आकडा छापायचा नाही, कारण मोजणी माझी एकट्याची, कच्ची आहे. मात्र ती केल्यावर माझी निवडीची रीत बदलली. तीन माणसांना हात लावून मोकळा परतणारा आणि तीन माणसांना ओढत नेणारा यांच्या खात्यात सारखेच गुण जमा होतात, पण दुसऱ्याच्या खांद्याने आणि गुडघ्याने त्या गुणांची किंमत मोजलेली असते.

हे शरीरात कसं घडतं ते जरा नीट बघू. चढाईपटू परत फिरायला वळतो तेव्हा त्याचा एक पाय मॅटवर घट्ट रोवलेला असतो. मॅटवर बुटाची पकड मातीपेक्षा जास्त. मातीत पाय थोडा घसरतो आणि तेवढ्याने झटका जिरतो, मॅटवर तो जिरत नाही. नेमक्या त्या क्षणी कोपऱ्यातल्या गड्याने घोटा धरला, तर पाऊल जागेवर, धड मध्यरेषेकडे आणि मधल्या गुडघ्याला पीळ. गुडघ्यातला जो अस्थिबंध तुटतो, ज्याला सगळे नुसतं ‘लिगामेंट गेलं’ म्हणतात, तो बहुतेकदा असाच जातो. शस्त्रक्रिया केली तर परत खेळायला साधारण नऊ महिने लागतात, म्हणजे हंगाम गेलाच. खांद्याचं वेगळं. मध्यरेषेसाठी हात लांबवून उडी घेतलेली असते आणि पाठीवर मागून तिघे पडतात. तरुण वयात एकदा खांदा निखळला की तो पुन्हा निखळायची शक्यता बरीच असते. म्हणून खांद्याची जुनी दुखापत असलेला चढाईपटू मी पहिल्या तीन पाळ्यांत घेत नाही. मांडीच्या मागचा स्नायू ताणला जाणं हे त्यामानाने किरकोळ, पण तोही घाई केली की पहिल्याच काही आठवड्यांत पुन्हा धरतो.

पवनची दुखापत या कोणत्याच साच्यात बसत नाही. तो चढाईवर नव्हताच. समोरच्या चढाईपटूला पकडताना त्याचा गुडघा गेला. चांगल्या चढाईपटूला पकडीतही उतरवणारा प्रशिक्षक असला तर धोका दुपटीने वाढतो, हे मी त्यावरून शिकलो. आता कोणाचंही नाव पक्कं करण्याआधी बघतो की तो बचावात कुठं उभा राहतो. साखळीत हात धरून मागे उभा राहणारा बरा. पुढं झेप घेणाऱ्याबद्दल मला धास्ती वाटते.

हे सगळं मी पुस्तकातून शिकलेलो नाही. गडहिंग्लज भागातल्या एका गावच्या संघाकडून मीही चढाया केल्या आहेत, मातीवर. एका स्पर्धेत गुडघ्यात काहीतरी तुटल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला होता. मी म्हणालो, मुरगळलाय. पट्टी बांधली, तिसऱ्या आठवड्यात परत उतरलो आणि जे थोडं वाचलं होतं तेही घालवलं. आमच्याकडे तालमीत आणि मैदानात ‘जरा मुरगळलाय’ हे वाक्य इतकं सहज येतं की त्याच्या आत काय दडलंय ते विचारायची पद्धतच नाही. मोठ्या लीगमध्येही संघाकडून येणारी बातमी अशीच असते : किरकोळ दुखापत, पुढच्या सामन्यापर्यंत ठीक होईल. या वाक्यावर विश्वास ठेवण्याआधी खेळाडूचं चालणं बघा. बाकावर बसलेला असताना तो पाय सरळ ताणून बसलाय का, पुढच्या सामन्यात उतरलाच तर वळताना कोणत्या पायावर वळतो, डावीकडची धाव उजवीकडे बदललीय का. टीव्हीवर हे सगळं दिसतं, फक्त चटकन डोळ्यांत भरत नाही.

दुसरी गोष्ट : त्याच्यामागे कोण उभा आहे? पवन गेल्यावर थलैवाजचं काय झालं ते आठवा. नरेंदर नावाचा तोवर कोणाला माहीत नसलेला पोरगा पुढं आला, चढाईचे दोनशेच्या वर गुण करून गेला आणि थलैवाज पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोचले. आमच्या आठ जणांत त्याला कोणीही घेतलं नव्हतं. सातव्या हंगामात बंगाल वॉरियर्सचा कर्णधार मनिंदर सिंग खांद्यामुळे अंतिम सामन्याला नव्हता. तरीही बंगालने १९ ऑक्टोबर २०१९ ला दिल्लीला ३९-३४ असं हरवलं, कारण इराणचा नबीबख्श होता. उलट अकराव्या हंगामात अस्लम इनामदार गुडघ्यामुळे बाहेर गेला आणि आधीच्या वर्षीची विजेती पुणेरी पलटण बाद फेरीतसुद्धा पोचली नाही. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या टाकळी खंडेश्वरीचा हा पोरगा मला फार आवडतो. चढाई, पकड आणि डोकं, तिन्ही आहे. नवव्या हंगामाचा अंतिम सामनाही त्याचा दुखापतीनेच हुकला होता. म्हणून मी त्याला घेतो, पण तिसऱ्या पाळीला, आणि त्याच्याआधी एक असा माणूस घेऊन ठेवतो जो रोज सात गुण आणतो, बोनस घेतो आणि कोणाच्या हाती लागत नाही.

असे लोक कंटाळवाणे वाटतात. यू मुंबाचा माजी कर्णधार अनुप कुमार असाच खेळायचा. पायाचं बोट बोनसरेषेपलीकडे टेकवायचं, एक गुण घ्यायचा आणि परत. तुमच्या पहिल्या दोन पाळ्यांत असा एक तरी असावा.

परदीप नरवालचा मामला निराळाच आहे. चढाईचे अठराशेहून अधिक गुण, लीगच्या इतिहासात सर्वांत जास्त. पाचव्या हंगामात एकट्याचे ३६९. समोरची साखळी हातांखालून वाकून पार करायची त्याची ‘डुबकी’ अख्ख्या देशातल्या पोरांनी गल्लीत करून बघितली. त्याला पवनसारखी हंगाम गिळणारी दुखापत झाल्याचं मला आठवत नाही. आठव्या हंगामात यूपी योद्धाने तेव्हाचे विक्रमी १ कोटी ६५ लाख मोजले, पण तेव्हापासून त्याचा जुना वेग दिसला नाही. २०२५ च्या लिलावात त्याच्यावर कोणी बोलीच लावली नाही आणि त्याने निवृत्ती घेतली. एवढ्या चढाया पोटात घेतलेलं शरीर मोडतंच असं नाही. ते हळूहळू अर्ध्या सेकंदाने मागे पडतं, आणि डुबकीत अर्धा सेकंद म्हणजे सगळं. मोठी दुखापत नाही म्हणून निर्धास्त होणाऱ्यांनी हंगामांची संख्या मोजावी.

सिद्धार्थ पुढे खेळत राहिला. दहाव्या हंगामात हरियाणा स्टीलर्सने त्याला १ कोटीला घेतलं, आणि तिथं त्याच्यावर एकट्याने संघ ओढायची सक्ती नव्हती; विनय होता, शिवम पटारे होता. हरियाणा अंतिम सामन्यापर्यंत गेला. ओझं वाटलं गेलं तर बाहुबलीसुद्धा हंगाम पुरा करतो, हे बघून मला मनापासून आनंद झाला.

त्याच वर्षी, २०२३ मध्ये, आम्ही गच्चीवर एक नियम वाढवला. ज्याने मुख्य चढाईपटू घेतला असेल त्याला शेवटच्या फेरीत त्याच संघाचा दुसरा चढाईपटू इतरांआधी मागता येईल. चिठ्ठीत माझा तिसरा नंबर निघाला. पवन तेव्हा तेलुगू टायटन्सकडे होता, २ कोटी ६० लाख ५० हजारांना, म्हणजे पुन्हा विक्रम. पहिल्या दोघांनी त्याला सोडलं. त्यांच्या डोळ्यांसमोर वर्षापूर्वीचा तो गुडघा होता. मी मात्र ऑक्टोबरात हांगझोऊला झालेल्या आशियाई स्पर्धेचे सामने बघितले होते. पवन भारताचा कर्णधार होता, इराणविरुद्धच्या अंतिम सामन्यात तो त्याच पायावर वळत होता, पकडीत जात होता, उठताना कुठंही हात टेकत नव्हता. पुरता सावरलेला गुडघा. मी त्याचं नाव घेतलं. टायटन्स त्या हंगामात तळाला राहिले. पवनने चढाईचे दोनशेच्या वर गुण केले, आणि राखीव म्हणून मागून घेतलेल्या माझ्या दुसऱ्या चढाईपटूची मला शेवटपर्यंत गरज पडली नाही.