विश्लेषण : हरणांना भुलवणाऱ्या ‘मॉक स्क्रेप’मुळे रोगाचा धोका कसा?

अमेरिकेत शरद ऋतूत ‘व्हाइट-टेल्ड’ हरणांचा मीलनकाळ सुरू होताच शिकारी ‘मॉक स्क्रेप’ म्हणजे बनावट गंधखुणा तयार करू लागतात.

‘स्क्रेप’ म्हणजे काय?
नर हरीण लोंबत्या फांदीखालचा पाला खुरांनी सारून माती उघडी करतो आणि तिथे मूत्र सोडतो. फांदीला तोंड व कपाळ घासून गंध ठेवतो. इतर नर, माद्याही ही खूण हुंगायला येतात.

शिकारी काय करतात?
चार-पाच फुटांवर फांदी असलेली जागा निवडून ते काठीने माती उकरतात, गंधद्रव्य शिंपडतात आणि कॅमेरा लावतात. मात्र हरणे तिथे बहुधा रात्री येतात. त्यामुळे परिसरात कोणते नर आहेत, हे कळणे हाच मोठा फायदा.

धोका कोणता?
हे गंधद्रव्य अनेकदा बंदिस्त हरणांचे मूत्र असते. ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ हा मेंदूचा जीवघेणा रोग १९६७ मध्ये कोलोरॅडोत प्रथम आढळला. त्याला कारणीभूत प्रायॉन हे विकृत प्रथिन लाळ, मूत्र, विष्ठेतून बाहेर पडते आणि मातीत वर्षानुवर्षे टिकते. रोगावर लस वा उपचार नाही.

उपाय काय?
व्हर्जिनियाने २०१५ मध्ये शिकारीसाठी नैसर्गिक मूत्राच्या वापरावर बंदी घातली. इतर काही राज्यांतही निर्बंध आहेत. कृत्रिम गंधाने बाहेरून येणारा संसर्ग टळतो. पण एकाच फांदीला अनेक हरणे तोंड लावतात, तो धोका उरतोच.