रक्ताची निवळ

बुलढाण्याचा माणूस आधी सांगतो, घाटावरचा की घाटाखालचा. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा, म्हणजे खाऱ्या भूजलाचा मुलूख. संग्रामपूर, जळगाव जामोदकडे मूत्रपिंडाच्या आजाराने कित्येक घरं पोखरलीत, आणि मूत्रपिंडाचं काम सांगणारा रक्तातला घटक ‘क्रिएटिनिन’, हा शब्द न शिकलेल्या म्हाताऱ्यांच्याही तोंडी आहे. ते मोजायचं तर आधी रक्तातल्या पेशी बाजूला काढाव्या लागतात. लॅबवाले त्याला ‘सॅम्पल फिरवणं’ म्हणतात. फिरवायला सेंट्रीफ्यूज हवं, त्याला वीज हवी. नळी तशीच प्रवासात तासन्‌तास राहिली, तर पेशी आतली साखर खात राहतात आणि पोटॅशियम बाहेर झिरपतं. मूत्रपिंडाच्या रुग्णाचा नेमका पोटॅशियमचाच आकडा फसवा येणं परवडत नाही.

मग फिरवण्याऐवजी गाळावं की! पण बारीक वाटा कोरलेल्या छोट्या चिपवर गाळणी बसवू पाहणाऱ्यांना रक्ताने बराच काळ दाद दिली नाही. तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची, पण अंग चोरून तीन मायक्रॉनच्या भोकातूनही निसटते. भोक आणखी बारीक केलं की गाळणी तुंबते. दाब वाढवला की पेशी फुटून प्लाझ्मा, म्हणजे पेशी वगळून उरणारी निवळ, लाल होतो.

वाट सापडली ती जुन्या शरीरशास्त्रात. 1931मध्ये फारेअस आणि लिंडक्विस्ट यांनी दाखवलं होतं, की साधारण 0.3 मिलिमीटरपेक्षा बारीक नळीत रक्ताचा दाटपणा कमी भासतो. कारण पेशी मधोमध सरकतात आणि कडेला प्लाझ्माचा पातळ थर उरतो. पुढे झ्वायफाख आणि फुंग यांच्या कामातून दुसरी खोड कळली: फाट्यावर पेशी जास्त वेगाच्या वाटेने जातात. संथ वाटेला प्लाझ्मा आपसूक येतो.

मुंबईच्या आयआयटीत अमित अग्रवाल, सुहास जोशी आणि सहकाऱ्यांनी याच दोन गोष्टी वापरल्या. 2016च्या त्यांच्या चिपमधल्या वाटा सुमारे 100 मायक्रॉनच्या, म्हणजे या धंद्यात ऐसपैसच. म्हणून त्या तुंबत नाहीत आणि रक्त पातळही करावं लागत नाही. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली शहाणी चाल हीच, गाळणीचा हट्ट सोडणं. पुढच्याच वर्षी संशोधक मनू प्रकाश यांनी दोऱ्यावरच्या भिंगरीसारखं कागदी सेंट्रीफ्यूज काढलं. ते तर विजेशिवाय चालतं.

पण निवळ काढणं हे निम्मंच काम; मोजणं उरतंच. 2025च्या जानेवारीत बुलढाण्यातल्याच शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा इथे लोकांचे केस झपाट्याने गळू लागले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) पथकं आली आणि नमुने तपासणीसाठी बाहेर गेले. संशय सेलेनियमवर होता. ते मोजणारी यंत्रं मोठ्या प्रयोगशाळांतच असतात. प्लाझ्मा गावातच वेगळा झाला असता, तरी नळीला पुढचा प्रवास होताच.