व्यवस्थापनशास्त्राची प्रवेशपरीक्षा आणि मराठी वाचक

कलकत्ता व अहमदाबाद येथे १९६१ साली भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाल्या. त्यांच्या आणि त्यांच्यामागून निघालेल्या भगिनीसंस्थांच्या प्रवेशासाठी जी सामायिक परीक्षा घेतली जाते ती ‘कॅट’ या संक्षिप्त नावाने सर्वपरिचित आहे. तिला बसणाऱ्यांत अभियांत्रिकीच्या पदवीधरांचा भरणा मोठा असतो हे खरे. परंतु भाषा, इतिहास, अर्थशास्त्र या विषयांचे विद्यार्थीही तिच्याकडे वळतात, आणि त्यांपैकी ज्यांचे शालेय शिक्षण मराठीतून झाले आहे ते बहुधा एका भयाने ग्रासलेले आढळतात. आपले इंग्रजी कमी पडणार, हे ते भय होय. त्यापोटी शब्दसंग्रहाची पुस्तके विकत घेतली जातात, अवघड शब्दांच्या याद्या पाठ होतात आणि भरभर वाचण्याचा सराव सुरू होतो. दुखणे काही अंशी खरे असले, तरी औषध मात्र भलत्याच दुखण्याचे आहे.

परीक्षेची रचना पाहिली म्हणजे हे ध्यानात येईल. २००९ पासून ही परीक्षा संगणकावर घेतली जाते. २०२१ ते २०२४ या वर्षांत तिचे तीन विभाग होते व प्रत्येकास ४० मिनिटे मिळत. एका विभागाचा उरलेला वेळ दुसऱ्यास वापरता येत नसे. भाषेच्या विभागात २४ प्रश्न असत. त्यांपैकी १६ प्रश्न चार उताऱ्यांवरचे. उरलेल्या आठांत विस्कळीत वाक्ये क्रमाने लावणे, उताऱ्याचा सारांश निवडणे, विसंगत वाक्य ओळखणे, गाळलेले वाक्य योग्य जागी बसविणे असे प्रकार येत. एखाद्या शब्दाचा अर्थ वा विरुद्धार्थ सरळ विचारणारा प्रश्न यांत जवळजवळ नाही. शब्दांची यादी पाठ करणारा विद्यार्थी न विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाची तयारी करीत असतो.

वेगाविषयीही हिशेब करून पाहावा. एक उतारा सुमारे ५०० शब्दांचा धरला, तर चार उतारे मिळून २००० शब्द होतात. मिनिटाला १५० शब्द, म्हणजे सावकाशच म्हणावा अशा गतीने वाचणाऱ्यास त्यासाठी साडेतेरा मिनिटांच्या आत वेळ लागतो. २५० शब्दांच्या गतीने आठ मिनिटे लागतात. महिनोन्महिने वेगाची साधना करून हाती पडतात ती पाच मिनिटे. उलटपक्षी, उतारा नीट न उमगल्यामुळे प्रत्येक प्रश्नागणिक तो पुन्हा चाळावा लागला, तर ही पाच मिनिटे एकाच उताऱ्यात संपतात. खरा व्यय पुनर्वाचनाचा आहे, आणि पुनर्वाचन करावे लागते ते बहुधा शब्द अडल्यामुळे नव्हे, तर एका वाक्याचा दुसऱ्याशी असलेला धागा हातून सुटल्यामुळे.

हा धागा म्हणजे काय, याचे विवेचन हॅलिडे व हसन यांनी ‘कोहिजन इन इंग्लिश’ (१९७६) या ग्रंथात विस्ताराने केले आहे. सर्वनामे, दर्शक विशेषणे, अध्याहृत पदे, उभयान्वयी अव्यये आणि शब्दांची पुनरावृत्ती यांच्या योगे सुटी वाक्ये एक संहिता बनतात. या गुणाला मराठीत संसक्ती म्हणता येईल. विस्कळीत वाक्यांचा प्रश्न ही तर संसक्तीचीच उघड परीक्षा होय. एक मराठी उदाहरण घेऊ.

(क) पण छापखान्याला हा गुण फारसा उपयोगाचा नव्हता. (ख) ती हात न उचलता लिहिता येई, म्हणून दफ्तरांत तिचा प्रसार झाला. (ग) तेथे खिळे सुटे असावे लागतात, आणि त्या कामी देवनागरी सोयीची ठरली. (घ) मोडी लिपी महाराष्ट्रात कित्येक शतके कारभारासाठी वापरली जात असे.

चार वाक्ये २४ प्रकारे मांडता येतात. परंतु मराठी वाचकाला घ–ख–क–ग हा क्रम लावण्यास क्षणाचाही विलंब लागत नाही. ‘ती’ हे स्त्रीलिंगी सर्वनाम लिपीकडे बोट दाखविते. ‘हा गुण’ या दोन शब्दांत मागील संबंध विधान, म्हणजे हात न उचलता लिहिता येणे, गोळा झाले आहे. ‘तेथे’ छापखान्यावाचून दुसरीकडे जाऊ शकत नाही. क्रम लावताना वाचकाची दृष्टी ‘पण’ या अव्ययापेक्षा या तीन दर्शकांवरच टेकलेली असते. मग तोच विद्यार्थी इंग्रजी वाक्यांपुढे का अडखळतो? त्याची तर्कशक्ती तीच असते. फरक हा की मराठीत लिंगभेदामुळे जे फुकट मिळते ते इंग्रजीत मिळत नाही. संस्था, नियम आणि शहर ही तीन नामे मराठीत ‘ती’, ‘तो’, ‘ते’ अशी निरनिराळी ओळखली जातात. इंग्रजीत तिन्हींना एकच ‘इट’. मराठी वाचकाला सर्वनामाचा पूर्वसंदर्भ मुद्दाम शोधण्याची सवय नसते, कारण त्याच्या भाषेने हे काम परस्पर उरकलेले असते. तेव्हा ‘इट’, ‘धिस’, ‘दे’ यांपैकी प्रत्येकाखाली रेघ ओढून ते नेमके कशाबद्दल आले आहे हे समासात मराठीत लिहिणे, हा अभ्यास पहिले तीन-चार आठवडे रोज एका उताऱ्यावर करावा. तो कंटाळवाणा आहे खरा, परंतु शब्दयादीइतका निष्फळ नाही.

दुसरी अडचण मतांच्या मालकीची आहे. मराठीत परक्याचे मत सांगताना ‘असे’, ‘म्हणून’, ‘म्हणे’ यांपैकी काहीतरी बहुधा येतेच. ‘यंत्रामुळे वाचन संपले म्हणे’ या वाक्यात बोलणाऱ्याने आपले अंग काढून घेतले आहे, हे त्या एका शब्दावरून कळते. परीक्षेतील उतारे बहुधा विद्वत्प्रचुर इंग्रजी निबंधांतून वेचलेले असतात, आणि तेथील लेखक प्रतिपक्षाचे मत एकदा आरंभी ‘असे पुष्कळदा म्हटले जाते’ एवढी खूण करून पुढे चार वाक्ये बिनखुणेने मांडीत जातो. वाचक ती चारही वाक्ये लेखकाच्याच पदरात टाकतो. मग ‘लेखकास पुढीलपैकी कोणते मत मान्य होईल?’ या प्रश्नावर हटकून चुकतो. यावर उपाय मराठीतच आहे. प्रत्येक परिच्छेदाचा एका ओळीचा गोषवारा मराठीत लिहावा, आणि जेथे मत लेखकाचे नसेल तेथे ‘म्हणे’ जोडावे. ‘म्हणे’ कोठे थांबते हे कळले की उताऱ्याचा कणा हाती येतो.

नकाराची जागा हाही असाच प्रश्न. मराठी वाक्यात ‘नाही’ शेवटी येते व ताजे असतानाच अर्थ पूर्ण होतो. इंग्रजीत नकार आरंभीच येऊन जातो, कधी ‘हार्डली’, ‘सेल्डम’ अशा वेषांतरित रूपात. लांब वाक्याच्या अखेरीस पोहोचेपर्यंत वाचकाला त्याचा विसर पडतो. ‘पुढीलपैकी एक वगळता सर्व’ या धाटणीचे प्रश्न या परीक्षेत वारंवार येतात. तेथे उत्तर माहीत असूनही उलटे उत्तर दिले जाते, ते याच कारणाने.

पर्यायांचा विचार करताना ‘च’ या मराठी अव्ययाचा उपयोग विशेष आहे. ‘द कमिटी ओन्ली रेकमेंडेड चेंजेस इन स्पेलिंग’ हे वाक्य घ्यावे. येथील ‘ओन्ली’ क्रियापदाला चिकटले आहे, पण त्याचा रोख कोठे आहे? समितीने शुद्धलेखनातच बदल सुचविले, अन्यत्र नव्हे, असा एक अर्थ. समितीने बदल केवळ सुचविले, अमलात आणले नाहीत, असा दुसरा. मराठी भाषांतरकाराला ही निवड टाळताच येत नाही. ‘च’ वा ‘केवळ’ कोठे ठेवावयाचे हे त्याला ठरवावेच लागते. चुकीचे पर्याय बहुधा येथेच बेतलेले असतात: उताऱ्यात ‘काही’ असते तेथे पर्यायात ‘सर्व’, उताऱ्यात एक कारण सांगितलेले असते तेथे पर्यायात तेच कारण. म्हणून ज्या दोन पर्यायांत मन घोटाळते ते मनातल्या मनात मराठीत आणून ‘च’ कोठे पडतो ते पाहावे. ‘इंग्रजीतूनच विचार करा’ हा शिकवणीवर्गांतून सररास दिला जाणारा उपदेश संभाषणापुरता ठीक असेल. बारीक अर्थभेद पारखण्याच्या कामी तो विद्यार्थ्याच्या हातातले सर्वांत धारदार हत्यार काढून घेतो.

पर्याय वगळण्याच्या या कौशल्याला गुणपद्धतीचाही आधार आहे. बरोबर उत्तरास तीन गुण मिळतात आणि चार पर्यायांच्या प्रश्नात चुकीस एक गुण वजा होतो. डोळे मिटून उत्तर दिल्यास सरासरी लाभ शून्य येतो. एक पर्याय खात्रीने वगळता आला तर तो एकतृतीयांश गुण होतो, आणि दोन वगळता आले तर पूर्ण एक गुण. ज्या प्रश्नांचे उत्तर टंकित करावयाचे असते, उदाहरणार्थ वाक्यांचा क्रम, त्यांत चुकीला शिक्षा नाही. ते कोरे सोडण्यात अर्थ नाही. महाराष्ट्र राज्याच्या सामायिक प्रवेशपरीक्षेचा हिशेब निराळा आहे. १९६५ साली मुंबई विद्यापीठात स्थापन झालेल्या जमनालाल बजाज संस्थेसारख्या ठिकाणी तिच्या आधारे प्रवेश मिळतो. २०२४ साली तीत १५० मिनिटांत २०० प्रश्न होते, म्हणजे प्रश्नाला ४५ सेकंद, आणि गुणवजाबाकी नव्हती. तेथे एकही प्रश्न कोरा ठेवणे हे नुकसानच, आणि वेगाच्या सरावालाही तेथे काही किंमत आहे. दोन्ही परीक्षांची तयारी एकाच साच्यातून करणारे बहुधा दोन्हीकडे कमी पडतात.

गणिताविषयी येथे फार लिहिण्याचे कारण नाही. अंकगणित, बीजगणित व भूमिती बहुतांशी शालेय पातळीची असते. सवय मोडल्यामुळे ती परकी वाटते, आणि रोजच्या तासाभराच्या सरावाने परत येते. मात्र अनेक संस्था प्रत्येक विभागात स्वतंत्र किमान शततमक अपेक्षितात. एका विभागातील उणीव दुसऱ्यातील आधिक्याने भरून निघत नाही, हे ओळखून हा तास चुकवू नये.

उताऱ्यांच्या अभ्यासासाठी अलीकडील वर्षांच्या मूळ प्रश्नपत्रिका पुरेशा आहेत. आठवड्यास दोन उतारे घड्याळ लावून सोडवावेत, आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कारण लिहावे: संदर्भ चुकला, मालकी चुकली, नकार सुटला की ‘च’ सरकला. ‘इंग्रजी कच्चे’ एवढेच लिहून भागणार नाही. महिन्याभराने ही वही पाहिली असता चुका चारही रकान्यांत सारख्या विखुरलेल्या क्वचितच दिसतात. त्या एखाद्या रकान्यात दाटलेल्या असतात, आणि पुढील महिन्याचे काम तेथूनच ठरते.