स्वर कसा टिकतो?

मिरजेचे खांसाहेब अब्दुल करीमखां १९३७ सालीं निवर्तले. तथापि सुमारें तीन मिनिटांच्या तबकड्यांमुळें त्यांचा स्वर आजहि ऐकूं येतो. पुढें चुंबकीय फीत आली व दीर्घ मैफली साठवितां येऊं लागल्या. फितीवरील लोहकणांत ध्वनीची अखंड छाया उमटते; परंतु फितीवरून फीत उतरवितांना दर खेपेस खरखर वाढते. १९८२ सालीं निघालेल्या अंकीय ध्वनिचकतींत स्वराचें सेकंदास ४४,१०० वेळां मापन होऊन केवळ आंकडे नोंदले जातात. म्हणून कितीहि प्रती काढल्या तरी त्या मुळाबरहुकूम असतात. मात्र एकुलती प्रत बिघडल्यास सर्वच जातें. कोंकणच्या दमट हवेंत फितींस बुरशी लागते. घरीं आजोबांचा आवाज फितीवर असेल, तर त्याच्या अंकीय प्रती दोन ठिकाणीं ठेवाव्या; मूळ फीतहि टाकूं नये.